कमांडीला अनुमोदन

आमच्या ग्वाल्हेरच्या दोन मराठी मंडळांचं एकत्रीकरण झालं, तेव्हा मी त्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. शीर्षक होतं, ‘हे लग्न नाही, दत्तकविधान आहे!’ मीच लिहिलं, मीच छापून आणलं, मीच महाराज बाड्याच्या चौकात उभी राहून वाटलं. संध्याकाळी नई सडकेवर कचोरीवाल्याने मला माझ्याच पत्रकात कचोरी बांधून दिली. वितरण उत्तम झालं होतं.

मोठं मंडळ म्हणजे ज्यांचे पूर्वज दरबारात कारभार बघायचे किंवा पूजा सांगायचे, त्यांचं. आमचं छोटं मंडळ शिपाईगड्यांच्या वंशजांचं. आता तिकडे डॉक्टर-वकील आहेत आणि आमच्याकडे रेल्वेतले, विम्यातले, मोबाइलच्या दुकानातले. दरबार नाही, फौज नाही. पण गणपती विसर्जनाला निघाला की त्यांचा पुढे, आमचा मागे, हे मात्र शाबूत. का, विचारलं तर उत्तर मिळायचं, ‘पहले से ऐसा ही है.’

तर मंडळं एक झाली, आमचा हॉल सोडायचा ठरला, आणि आमच्या कॉम्प्युटरचा प्रश्न आला.

त्यात आमच्या गणेशोत्सवांची सगळी रेकॉर्डिंगं होती. ती मीच ठेवली होती, कारण जयेंद्रगंजच्या एका ऑफिसात मी सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करत होते आणि मंडळात ‘तुला येतं ना ते’ एवढ्यावर नेमणूक होते. ती मशीन एक दिवस सुरूच होईना. डिस्का ठीक होत्या, बाकी सगळं गेलं होतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या. आमच्या आरतीला आवाज लावायच्या त्या. हॉलमध्ये माइक असायचा, पण काकूंपुढे तो शोभेला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या कुजबुजल्यासारखं बोलतात.

‘त्या डब्यात माझी आरती आहे ना गं?’ त्यांनी विचारलं.

‘आहे.’

‘आणखी कुठे?’

‘कुठेच नाही.’

‘बरं,’ म्हणाल्या, आणि भाजी फोडणीला टाकलीय म्हणून निघून गेल्या. 

आरती नेमकी कुठल्या फाइलमध्ये आहे, ते मलाही माहीत नव्हतं. कॅमेऱ्याने दिलेली आकड्यांची नावं, कित्येक तासांचं चित्रण. त्यामुळे एक फाइल उचलून खिशात टाकावी अशी सोय नव्हती. राहिलं तर सगळं राहणार होतं, नाहीतर काहीच नाही.

उपाय सोपा होता. आमच्या डिस्का काढून मोठ्या मंडळाच्या मशीनमध्ये बसवायच्या. दोन्हीकडची मांडणी एकाच पद्धतीची होती: चार डिस्का जोडून एक समूह करायचा, त्याला व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात, आणि त्या समूहातून हव्या तेवढ्या खोल्या पाडायच्या. आमचा समूह त्यांच्या समूहाशेजारी नुसता उभा राहिला असता, तरी काम भागलं असतं. हे मी कार्यकारिणीला सांगितलं. पण एकत्रीकरणाच्या ठरावात ‘एकत्र’ असा शब्द होता, आणि मोठ्या मंडळातून आलेले सचिव निवृत्त बँक मॅनेजर होते.

‘बेटा, एकत्र म्हणजे एकत्र. शेजारी-शेजारी तर आपण आधीपासून आहोतच.’

एकत्र करायचीही कमांड आहे. तिच्यात दोन नावं द्यावी लागतात. पहिलं नाव टिकतं, दुसरा समूह त्याच्यात विरघळतो आणि त्याचं नाव पुसलं जातं. हे समजावून सांगणं माझं कर्तव्य होतं. न सांगितलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

मग आमच्या बाजूचे रेल्वेतले काका म्हणाले, ‘म्हणजे मशीनमध्येसुद्धा तेच?’

‘क्रम तर ठरलेला आहे ना,’ सचिव म्हणाले. ‘विसर्जनाला जो क्रम, तोच.’

‘विसर्जनाला आमचा मागे असतो, पण असतो तरी. इथे तर नावच जाणार!’ मी उठून म्हणाले. ‘दोन्ही नावं काढा, तिसरं ठेवा.’

‘तिसऱ्याला पुन्हा सर्वसाधारण सभा लागेल. देखो बेटा, नियम तो नियम है.’

चर्चा लांबली. पोहे आले, गार झाले. शेवटी मतदान झालं. माझ्या माहितीप्रमाणे भारतात एखाद्या कॉम्प्युटर कमांडीला सूचक आणि अनुमोदक लाभल्याचं हे एकमेव उदाहरण असावं. कमांड अक्षरशः इतिवृत्तात उतरवली गेली, आधी त्यांचं नाव, मग आमचं. मी विरोधात मत दिलं आणि विरोध नोंदवायला लावला. घरी येऊन दुसरं पत्रक लिहायला बसले.

रविवारी दुपारी प्रत्यक्ष एकत्रीकरण होतं. कार्यकारिणी खुर्च्या टाकून बसली होती, समोर भिंतीवर टीव्ही लावून त्यावर मशीनचा काळा पडदा. काकूही आल्या होत्या, मागच्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. मी ठरावातली कमांड जशीच्या तशी टाइप केली. एन्टर दाबलं.

मशीनने नकार दिला.

‘काय म्हणते ती?’ सचिवांनी चष्मा वर केला.

‘म्हणते, दोन्ही समूहांत एकाच नावाची खोली आहे. असं चालत नाही.’

‘कुठलं नाव?’

‘गणपती.’

त्यांच्या मशीनची मांडणी सचिवांच्या पुण्याच्या भाच्याने केली होती, आमची मी. दोघांची ओळख नाही, पाळख नाही. पण मराठी मंडळाच्या डिस्कवर सगळ्यात मोठ्या खोलीला दुसरं काय नाव द्यायचं, हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता.

‘मग एक काढून टाक,’ सचिव म्हणाले. ते दुष्ट नव्हते, हे मला लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. ‘गणपती तर एकच ना. उत्सव तोच, आरती तीच. आमच्याकडे आहे ती सगळी.’

‘कुणाचा काढू?’

‘क्रमाने बघ ना.’

‘खोली काढली की आतलं सगळं जातं, साहेब. आणि आरती तीच नाही. आमची जलद असते.’

‘जलद आहे म्हणून वेगळी होते का? अगं, मग आम्ही पण...’

‘एकाचं नाव बदललं तरी चालतं,’ मी मोठ्याने म्हणाले. ‘आत काही हलत नाही. तुमचं बदलू?’

यावर जो गलका झाला त्यात मराठी संपली आणि निखळ हिंदी सुरू झाली. ‘हमारा क्यों बदलेगा?’ ‘तो हमारा क्यों?’ नाव बदलायचा ठराव नाही, असं एक जण म्हणाले. काढून टाकायचाही नाही, असं मी म्हणाले. रेल्वेतले काका म्हणाले की आमचं नाव बदलण्यापेक्षा डिस्का परत घरी नेऊ. मी टाळी वाजवणार होते.

तेवढ्यात माझ्या पाठीवर बोट टोचलं. काकू रांगा ओलांडून आल्या होत्या.

‘घरी नेऊन लावशील कशात? मशीन कुठाय?’ त्या कुजबुजल्या. ‘ह्या खोलीतलं, नाव बदललं तर, वाजतं ना?’

‘वाजतं. पण काकू, तत्त्वाचा...’

‘मागचा ठेव.’

‘काय?’

‘नाव. मागचा गणपती. बाड्यावर सगळे तेच म्हणतात. पुढचा गेला, आता मागचा येतोय. सगळे थांबतात त्याच्यासाठी.’

मी सचिवांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले, म्हणजे हरकत नाही. हात वर झालेले बघून आणखी दोघांनी वर केले, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याने ‘सर्वानुमते’ असं लिहून टाकलं. मी नाव बदललं. मग ठरावातली कमांड पुन्हा टाइप केली, आधी त्यांचं नाव, मग आमचं. या वेळी मशीन काही न कुरकुरता तयार झाली. आमच्या समूहाचं नाव यादीतून गेलं. खोली होती. दुसरं पत्रक मी छापलं नाही, त्यात ‘सर्वनाश’ हा शब्द तीनदा आला होता.

आरती शोधायला पुढचे कित्येक रविवार गेले. खुर्च्या ओढणारे, मोदक मोजणारे, माइक टकटक करणारे, सगळे बघून झाले, तेव्हा काकू सापडल्या.

त्या वर्षीच्या पहिल्या एकत्रित उत्सवात पहिल्या दिवशी मोठ्या मंडळाची आरती झाली, संथ, व्यवस्थित. त्यानंतर मी स्पीकरवर काकूंची लावली. सचिव टाळ वाजवत होते, त्यांना वेग सापडेना. ते मागे पडले, मग थांबले, मग हसत पुन्हा पकडायला लागले. काकू माझ्याशेजारी उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज स्पीकरमधून येत होता.

संपल्यावर त्यांनी माझी बाही ओढली.

‘दुसऱ्या कडव्यात मी चुकलेय. ऐकलंस?’

‘ऐकलं. कापून काढता येतं ते. काढू?’

‘हात लावून तर बघ,’ काकू म्हणाल्या.