बर्फातले शहाणे आणि कडेच्या चार ओळी

ध्रुवावर मरायला निघालेल्या माणसांच्या जुन्या इंग्रजी भयकथा मी चवीने वाचते, आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, पायावर गोधडी घेऊन. त्यातल्या विद्वानांना बर्फाखाली काहीतरी अतिप्राचीन दिसतं आणि पुढची चाळीस पानं ते सांगत बसतात की हे शब्दांत सांगता येत नाही. मग लिहिलंत कशाला, बाबांनो? बर्फावरची गाडी ओढणारी कुत्रीसुद्धा पुढे यायला तयार नसतात, पण कुत्र्यांना कळतं ते यांना कळत नाही. याला म्हणायचं शोधमोहीम.

गेल्या डिसेंबरात असंच एक पुस्तक घेऊन निफाडला माहेरी गेले. थंडीची लाट होती. द्राक्षांत साखर भरत असताना अशी थंडी पडली की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे ओळींमध्ये उसाचं ओलं पाचट पेटवून धूर धरतात. धाकट्या भावाची वर्षभराची मेहनत त्या बागेत होती आणि मजूर मिळत नव्हते. मी तोऱ्यात म्हणाले, कडेच्या चार ओळी माझ्याकडे द्या.

पहाटे पाचला भावजयीने उठवलं, शेकोटी पेटवून दिली, पाचट टाकत राहा म्हणाली आणि पलीकडे गेली. मी बॅटरीच्या उजेडात पुस्तक उघडलं. मोहीम एका भुयाराच्या तोंडाशी आली होती. एकजण मागे फिरा म्हणत होता, बाकीचे ऐकत नव्हते. त्यांच्या मूर्खपणाला मी चांगली हसले. मान वर केली तेव्हा उजाडलं होतं आणि शेकोटी केव्हाच विझली होती.

दुपारपर्यंत माझ्या चारही ओळींतले मणी उकलले. भाऊ एक घड हातात घेऊन उभा होता. वाचत बसले होते, असं मी सांगून टाकलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय व्हतं पुस्तकात, ताई?"

"थंडीत मरणारी माणसं."

त्याने मान डोलावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा उन्हं ओट्यावर आली होती. दोघं धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी चहा पीत होती. मला उठवलं का नाही, म्हणून मी चिडले. भावजयीने कपाटातून ठेवणीतली कपबशी काढली आणि माझ्यासाठी चहा ओतला.

"ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "तुम्ही पाव्हण्या."