पुड्यांची वही

ती वही मीच सुरू केली. वरून आदेश नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका मुलींच्या होस्टेलवर मी रेक्टर म्हणून लागले आणि पहिल्या महिन्यातच दोनशे पानी रजिस्टर आणून त्यावर पट्टीनं रकाने आखले. तारीख, नाव, खोली नंबर, सही. वर खाकी कव्हर घातलं. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. गाव कंधार तालुक्यात, कॉलेज नांदेडला, रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकले. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वहीशी याचा संबंध आहे. आजोबांनी आयुष्यभर अंगठे दिले, आईनंही. कुणीही कागद पुढं करावा आणि यांनी शाईत बोट बुडवावं. म्हणून मला वाटायचं, सगळं लेखी असलं, समोर सही असली, की कुणाला कुणाला फसवता येत नाही. शिकलेल्या माणसानं कुठलंही काम हाती घेतलं की आधी वही करावी, हे माझं पक्कं मत होतं.

होस्टेलवर साठेक मुली. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या, त्यात काही रिपीटर, प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्या. मी आले तेव्हा पाळीचं सगळं चोरून चालायचं. मुली मेसच्या मावशींना सांगायच्या, मावशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पॅडचा पुडा आणायच्या, आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत गुंडाळून. मावशी सुट्टीवर गेल्या की मुली एकच पॅड दिवसभर ठेवायच्या, नाहीतर जुनी ओढणी फाडायच्या. खाज, पुरळ, अंगावरून जाणं, कुणी कुणापाशी बोलायचं नाही. मी मालकीणबाईंच्या मागं लागले. त्यांना सगळ्या काकू म्हणत. खोकी एकदम मागवून ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवली. लागेल तिनं पुडा न्यायचा आणि वहीत सही करायची. दर दुसऱ्या शनिवारी एक डॉक्टरीणबाई अभ्यासिकेत येऊन बसायला लागल्या. विचारायला लाजणाऱ्या मुलींसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला, त्यात प्रश्नाची चिठ्ठी टाकायची. पहिल्या शनिवारी डबा निम्मा भरला होता. डॉक्टरीणबाई एकेक चिठ्ठी वाचून उत्तर द्यायच्या, मुली आधी फरशीकडं बघत ऐकायच्या आणि मग हळूहळू मान वर करायच्या. मला वाटलं, शिकल्याचं चीज झालं.

काकू वाईट बाई नव्हत्या, हे आधीच लिहून ठेवते. मुलगी तापानं पडली की स्वतः पेज करून तिच्या खोलीत न्यायच्या. पण साठ घरांच्या लेकी आपल्या छपराखाली आहेत, या धास्तीनं त्यांना धड झोप नसायची. वही त्यांनी पहिल्यांदा उघडली ती पुडे संपत आले का बघायला. मग सवय लागली. दुपारी मेसची भाजी निवडायला बसल्या की वही शेजारी उघडी. मला त्यात वावगं दिसलं नाही. उलट आपलं काम कुणी बघतंय याचं बरंच वाटलं.

संक्रांतीच्या तोंडावर मी नवीन पान आखायला बसले, तर जुन्या पानांवर काही नावांपुढं पेन्सिलीची बारीक टिंबं दिसली. माझी नव्हती. कुठं एक, कुठं दोन. अकरा नंबरच्या खोलीतल्या एका मुलीपुढं तीन. ती कशाची, हे मला लगेच कळलं होतं. कळलं नाही असं मी स्वतःलाच दाखवलं. खोडरबर हाताशी होतं. खोडलं नाही.

गुरुवारी सकाळी मेथी निवडता निवडता काकूंनीच विषय काढला. "अकरा नंबरची ती, देवणीकडची. दसऱ्यापासून पुडा न्यायला आली न्हाई."

घरून आणला असेल, असं मी म्हणाले.

"घरी गेलीच कुठं ती? दिवाळीलाबी हितंच होती." काकूंनी जुडी खाली ठेवली, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडं बघितलं.

मी वर गेले. ती मुलगी रिपीटर, एकोणीस वर्षांची, अबोल. खिडकीत पुस्तक घेऊन बसली होती. हात वर केला की मनगटावरचं घड्याळ कोपराकडं सरकायचं. इतकी वाळलेली ती आधी कशी दिसली नाही, असं मला वाटलं, आणि दिसली होती हेही आठवलं. मी दार लावून सरळ विचारलं. ती घाबरली नाही, सुटल्यासारखं बोलायला लागली. तीन महिने पाळी आलीच नव्हती. पोटात अन्न गेलं की झोप येते म्हणून तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं, पुढं सकाळचंही निम्म्यावर आणलं. पाळी थांबली तेव्हा तिला आधी बरंच वाटलं होतं, तेवढे दिवस अभ्यासाला मिळाले म्हणून. नंतर भीती वाटायला लागली, काही मोठा आजार तर नाही ना. चिठ्ठी का टाकली नाहीस, विचारलं. टाकली होती, म्हणाली, मग परत काढून घेतली. डबा माझ्या हातात असायचा, मी अक्षर ओळखलं असतं.

वडलांना ती दादा म्हणायची. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं, तेव्हाच दादांनी बजावलं होतं की यंदाचं शेवटचं, मग घरी.

"मॅडम, घरी कळवू नका. मे महिन्यात पेपर हाय. तेवढा देऊ द्या."

परवा शनिवार, डॉक्टरीणबाई येतील, त्या बघतील, तोवर ह्या खोलीबाहेर काही जाणार नाही, असं मी तिला सांगितलं. शब्द दिला.

खाली आले तर काकू म्हणाल्या, "लावला मी तिच्या घरी फोन, तुम्ही वर होता तवाच. उद्या काय झालं तर लोक मला ईचारतील. लोकाची लेक हाय ती."

काकू तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. मावशींना दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी आणायला पाठवलं होतं, त्याच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. म्हणजे दुपारपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर कळलं असणार, होस्टेलमधल्या कुणाची तरी तपासणी चाललीय. काकूंनी मला न्हाणीघराच्या दाराशी उभं केलं. त्यातलं तुम्हाला वाचता येतं, म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या. मी नाही म्हणू शकले असते. माझ्या हातात पदवी होती, नोकरी दुसरीही मिळाली असती. मी उभी राहिले. आत नळ नुसता वाहत होता, बादलीचा आवाज नव्हता.

पट्टीवर एकच रेघ आली. म्हणजे काही नाही.

काकूंनी श्वास सोडला, देवाला हात जोडले आणि मावशींना तिच्यासाठी दुधाचा चहा करायला सांगितला. ती मेसच्या बाकावर बसून राहिली. चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही. काकूंनी परत देवणीला फोन लावला, काही नाही निघालं हे सांगायला. चार-पाच वेळा लावला. कुणी उचललाच नाही.

शुक्रवारी सकाळी वडील आणि मामा जीप करून आले. वडील चांगले उंचपुरे, पांढऱ्या कपड्यांत, आवाज न चढवणारे. ऑफिसात बसल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. टेबलावर वही उघडी होती, काकूंनीच ठेवली होती. त्यांना वाचता येत होतं. एकेक रकान्यावरून बोट फिरवत ते खाली गेले, पान उलटलं, परत मागं आले. पेन्सिलीच्या टिंबांपाशी बोट थांबलं.

"हे कोण लिहितंय?"

मी, म्हणाले.

"ह्या तीन महिन्यांत हिची सही न्हाई. बरोबर हाय का?"

"बरोबर आहे, पण तसं काही नाही. काल तपासणी केली, काही निघालं नाही. जेवण सोडलंय तिनं, अंगात रक्त नाही. उद्या डॉक्टर येतायत, एक दिवस थांबा."

त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग वही हलकेच मिटली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाई. तुमचं लिहिलेलं खोटं नसतंय."

मामा दाराशी उभे होते. "चला दाजी," म्हणाले, "डॉक्टर व्हायला आली होती, पेशंट होऊन चालली."

कुणी हसलं नाही. काकू डोळ्याला पदर लावून सांगत होत्या, थांबू द्या हो, पोर निर्मळ हाय. आपणच फोन केला होता हे त्या विसरल्यासारख्या झाल्या होत्या.

पाऊण तासात ती बॅग घेऊन खाली आली. पुस्तकं वरच राहिली, मामांनी घेऊ दिली नाहीत. जीपकडं न जाता ती आधी ऑफिसात आली. माझ्याकडं रागानं बघेल असं वाटलं होतं. तसं काही नाही.

"मॅडम, एक पुडा द्या. सही करते."

मी कपाट उघडलं. तिनं तारीख घातली, नाव घातलं, खोली नंबर अकरा लिहिला आणि सावकाश सही केली. वडील दारातून बघत होते. तिनं वही त्यांच्या बाजूला थोडी फिरवली, त्यांना दिसावं म्हणून. मग पुडा बॅगेत टाकून गेली.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या. वजन उतरलं, ताण वाढला की असं होतं, म्हणाल्या, रक्त तपासायचं, पोटभर खायचं, बहुतेक वेळा सुधारतं. त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तो कागद द्यायचा कुणाला? मी देवणीला फोन लावत राहिले. एकदा एका बाईनं उचलला. पोरगी शिरूर अनंतपाळला आत्याकडं ठेवलीय, म्हणाली, आणि तुम्ही कोण, असं विचारलं. मी कोण हे सांगितल्यावर फोन बंद झाला. मे महिना आला, पेपर झाला. तिच्या खोलीतल्या मुलीनं नंतर सांगितलं, पेपरला ती नव्हती, सोयरीक बघायलेत म्हणे.

आमच्या गावात बाई बाहेर बसली की गल्लीला कळायचं. कोण पाण्याला आली नाही, कुणाचं ताट वेगळं ठेवलंय, आणि कुणाचं ह्या महिन्यात ठेवलं नाही, सगळ्यांचा हिशेब म्हाताऱ्यांच्या तोंडात. त्याचा मला लहानपणापासून संताप. तेच मी लातूरला येऊन पट्टीनं रकाने आखून केलं होतं.

मी वही बंद करू म्हणाले, काकूंनी ऐकलं नाही. आणि वही तेव्हापासून एकदम चोख भरायला लागली. प्रत्येक खोली, प्रत्येक मुलगी, प्रत्येक महिन्याला. अठ्ठाविसाव्या नाहीतर तिसाव्या दिवशी सही. टिंब घालायला जागा उरली नाही. काकू खूश होत्या, आता पोरी शिस्तीला लागल्या म्हणाल्या. शनिवारी अभ्यासिकेत कुणी येईना. डॉक्टरीणबाई मोबाईल बघत बसायच्या आणि निघून जायच्या. श्रीखंडाच्या डब्यात एकदा फक्त लिमलेटच्या गोळीचा कागद निघाला.

उन्हाळ्यात बॅच गेली, खोल्या झाडायला घेतल्या. गादीखाली पुडे, कॉटच्या पेटीत पुडे, गच्चीवर टाकीच्या मागं पुडे. सीलसुद्धा न फोडलेले. मावशी गोणी भरत होत्या आणि मी गच्चीवर उभी राहून मनात खोल्या मोजत होते. ह्यातल्या किती जणींची पाळी थांबली होती, कुणाला काय झालं होतं, कोण खरंच अडचणीत होती? सगळ्यांच्या सह्या सारख्याच सुबक.

आता मी नांदेडला असते. तरुण मुलामुलींसाठी दवाखान्यात एक खोली केलीय, तिथं मी समुपदेशक आहे. माझ्या टेबलावर वही नाही. कोण आलं, काय विचारलं, मी लिहीत नाही. दिवसाला किती आले एवढ्याच रेघा कॅलेंडरवर मारते. पण गेल्या महिन्यात वरून एक टॅब आलाय. त्यात रकाने आहेत. नाव, वय, पालकांचा मोबाईल, शेवटच्या पाळीची तारीख. एक रकाना रिकामा राहिला की पुढचं पान उघडत नाही. सेवा सुधारण्यासाठी आहे, असं वरिष्ठांनी सांगितलं. तुमचं काम व्यवस्थित असतं, तुम्हीच आधी भरून दाखवा, बाकीचे शिकतील. टॅब मी ड्रॉवरमध्ये ठेवते. रोज संध्याकाळी फोन येतो, तुमचा आकडा शून्य का दिसतोय.

काल दुपारी एक मुलगी आली. कॉलेजची असावी. स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधलेला, तो तिनं सोडला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून आधी तिनं टेबल बघितलं, मग भिंत, मग माझे हात.

"नाव लिहावं लागतंय का?"

नाही, म्हणाले.

ती थोडी मागं सरकून बसली आणि बोलायला लागली. तेवढ्यात ड्रॉवरमध्ये टॅब वाजला. ती थांबली. मी ड्रॉवर पायानं आत ढकलला, बोल म्हणाले. टॅब पुन्हा वाजला. तिनं स्कार्फची गाठ चाचपली, पर्स उचलली आणि उद्या येते म्हणाली.

आज दिवसभर मी दार उघडं ठेवून बसलेय.