चान्यांचं कपाट

मांसाला हात लावण्याआधी काकू रस्त्याकडची खिडकी उघडायच्या. इंग्लंडात राहिलेल्यांना ठाऊक असेल, फोडणी घालताना आपण खिडक्या लावून घेतो, फार तर मागची उघडतो. शेजाऱ्यांना वास नको. काकूंचं उलट. "जाऊ दे वास," त्या म्हणायच्या. "चोरून आणलंय का?"

कॉव्हेंट्रीत मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. पुण्याच्या कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं. काकू नागपूरकडच्या, तरुणपणी नर्स म्हणून आलेल्या, आता निवृत्त आणि एकट्या. मी कमी बोलणारी. माझ्या वाटचंही त्याच बोलायच्या.

ऑक्टोबरात त्यांच्या हॉस्पिटलातला एक जुना पोर्टर हरणाची तंगडी घेऊन यायचा. परवाना काढून शिकार करणं हा त्याचा छंद. काकू मांस फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवायच्या, म्हणजे सुरी नीट चालते. मग लांब पट्ट्या कापून त्यांना मीठ, हळद, लसूण, तिखट चोळायच्या. या पट्ट्या वाळल्या की चान्या. प्रश्न उन्हाचा. तोही त्यांनी सोडवला होता. तिकडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्यात लोक कपडे वाळवतात. काकूंनी आत खिळे ठोकून सुतळ्या बांधल्या होत्या. दार किलकिलं, खाली छोटा पंखा. माझे ऑफिसचे शर्ट त्या दिवसांत खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर.

"काकू, शर्टाला लसणाचा वास येतोय."

"मग मीटिंगमध्ये जवळ कोणी बसणार नाही. बरंच आहे की तुला."

पट्टी वाळली का ते त्या वाकवून बघायच्या. "तडकली पाहिजे. तुटता कामा नये."

ते कपाट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी दारातच थांबले. तो वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरीही चान्या व्हायच्या, मोठ्या जनावराच्या. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा आईने त्या बंद केल्या. चान्या म्हटलं की दलितांचं घर, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि आईला ते शाळेत कळू द्यायचं नव्हतं. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एक चानी तव्यावर भाजली आणि माझ्या हातावर ठेवली.

दिवाळीला तिथली मराठी कुटुंबं हॉल घेऊन जमायची. काकूंना तेवढीच आपल्या माणसांची संगत. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा आणि पुढे नावाचं कार्ड ठेवायचं. काकू दरवर्षी शंकरपाळे न्यायच्या. त्या वर्षी त्यांनी चान्या भाजून, कांदा घालून नेल्या आणि कार्डावर ठळक अक्षरांत 'चान्या' असं लिहिलं.

कार्यक्रमाचं सगळं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "अहो, हरणाचं वाळवलेलं मांसच ना? मग इंग्रजीत व्हेनिसन जर्की लिहा. मुलांना कळेल."

"मुलांना मी सांगेन की."

"तसं नाही हो. ते नाव वाचून लोक खाणार नाहीत."

"तुमच्या मुलाने अमेरिकेहून जर्की आणली, ती खाल्लीच की सगळ्यांनी. मांस हरणाचं आहे, ताई. रीत माझ्या आईची. नाव तिचंच राहील."

बाई हसल्या आणि जाता जाता कार्ड पालथं घालून गेल्या. काकूंनी ते सुलटं केलं.

रांग पुढे सरकत होती, त्या थाळीला कोणी हात लावत नव्हतं. काकू पदर खोचून थाळीमागे उभ्या, एकेकाच्या तोंडाकडे बघत. रांगेत माझ्या पुढे असलेल्या एका काकांनी वळून मला विचारलं, "हे काय असतं हो?"

"चान्या," मी म्हणाले. "आमच्या घरी आई करायची."

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. काका माझं आडनाव आठवून बघतायत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी वाढून घ्यायला लागले.

"आणखी घे," काकू म्हणाल्या. "लिंबू पिळ."

कॉलेजातल्या दोन मुली दोनदा घेऊन गेल्या. बाकीच्या चान्या घरी परत आल्या. पुढच्या दिवाळीचा निरोपही आम्हा दोघींना आला नाही. मला वाईट वाटलं ते काकूंसाठी. काकूंनी पोर्टरला फोन करून दोन तंगड्या मागवल्या, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेजाऱ्यांना आत बोलावलं. पोर्टरने शंकरपाळे चान्यांबरोबर खाल्ले. त्याला कोणी अडवलं नाही.

पुढे मी वॉटफर्डला गेले. एका हिवाळ्यात काकू वारल्या. घर विकायला त्यांची भाची नागपूरहून आली, तिच्या मदतीला मी गेले. तिने ते कपाट उघडलं. "या सुतळ्या कपड्यांसाठी का?"

"चान्यांसाठी."

"हळू बोल ना, ताई. खाली घर बघायला आलेत ते मराठीच आहेत."

मी खाली गेले. एक तरुण जोडपं कोट घालूनच उभं होतं. मी आधी रस्त्याकडची खिडकी उघडली.

"वर एक कपाट आहे," मी त्यांना म्हणाले. "त्यात चान्या फार छान वाळतात."