भास्करनानांचा लाल शिक्का

नाना रिपोर्ट कधी बाईच्या हातात देत नसत. रक्त तिचं असलं, तरी कागद सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात. "कर्त्या माणसाला कळलं म्हणजे घराला कळलं," असं म्हणून मोठी रीत पाळल्यासारखे मिशीवरून हात फिरवायचे. धुळ्याला देवपुरात त्यांची रक्त तपासायची लॅब होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे काही वर्षं काम केलं. त्या काळात या माणसाबद्दल कणभरही आदर वाटल्याचं मला आठवत नाही.

शिक्षण अर्धवट, पण पांढरा कोट असा कडक इस्त्रीचा, की तो घालून लग्नालासुद्धा जायचे. तपासणीच्या किटबरोबर येणारं माहितीपत्रक चहाच्या कपाखाली ठेवायचे. एखादी तपासणी पुन्हा करू या म्हटलं, की ठरलेलं वाक्य: "दोनदा वजन करणारा सोनार आणि दोनदा तपासणारा लॅबवाला, दोघांवरही लोक संशय घेतात."

एकदा अमळनेरकडची सुशीला सासऱ्याबरोबर आली. दोनदा गर्भ पडला होता, म्हणून डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. त्यातल्या हर्पिस विषाणूच्या तपासणीचा आकडा पॉझिटिव्हच्या रेघेच्या जेमतेम वर आला. कपाखालचं पत्रक मी वाचलेलं होतं. एवढा थोडा आकडा खोटाही असू शकतो, नवं रक्त घेऊन पुन्हा तपासा, असं त्यात स्पष्ट होतं. शिवाय खरा निघाला, तरी लहानपणी तापात ओठावर फोड आणणारा साधा विषाणूही तो असू शकतो. मी नानांना ते दाखवलं.

"रेघेच्या वर म्हणजे आहे. तू रक्त काढ, अक्कल काढू नकोस," असं म्हणून त्यांनी 'पॉझिटिव्ह'चा लाल शिक्का हाणला.

"नाना, हाऊ कसाना रोग शे?" सासऱ्यानं विचारलं.

नानांनी आवाज उगाच खाली आणला. "बाहेरख्याली लोकांचा."

सुशीला बाहेर बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. सासऱ्यानं तिला घरी नेलंच नाही, समोरच्या थांब्यावरून थेट माहेरच्या एसटीत बसवलं. मी खिडकीतून पाहिलं आणि पुढची सुई उकळायला ठेवली.

वर्षभरानं नानांच्या स्वतःच्या सुनेची तीच तपासणी झाली. आकडा सुशीलापेक्षाही थोडा जास्त. त्या दिवशी नानांनी कप उचलला, चष्मा लावला आणि पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. शिक्क्याला हात लावला नाही. पेनानं लिहिलं, 'संशयास्पद, पुन्हा तपासावे.' दुसऱ्यांदा काही निघालं नाही.

"मशीनचं काय खरं असतं होय!" नाना हसत मला म्हणाले.

"आणि सुशीला?" मी विचारलं.

"कोण सुशीला?"

खोटारडा माणूस एक वेळ परवडतो, पण ज्याला आठवतही नाही त्याचं काय करायचं? मी नोकरी सोडली. लॅबच्या जुन्या वहीतून पत्ता काढून सुशीलाच्या माहेरी गेले. तिचं रक्त घेऊन जळगावला दुसरीकडे तपासून आणलं. काही नव्हतं. रिपोर्ट घेऊन गेले, तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन गेलं होतं. मी कागद तिच्या हातात दिला, वाचूनही दाखवला.

"ताई, मी तर तवयच सांगं व्हतं, माले काही नही," ती म्हणाली. मग वर बघून तिनं विचारलं, "तुले तवय माहीत व्हतं का?"

मी हो म्हणाले.