एआयला सांगून बसले, घर बंद राहणार आहे

मंडळी, दुपारी जेवताना एक घोळ झालाय.

आम्ही जळगावहून कोकणात जायचं ठरवलंय. बेत आखायला मी मोबाइलमधल्या एआयला बसवलं. सासऱ्यांच्या गुडघ्यांना झेपेल असा किनारा, जवळच साधी खोली, सगळं त्याने झकास मांडून दिलं. जेवताना मी ते कौतुकाने वाचून दाखवलं.

आमचे सासरे, नाना, मूळचे दोंडाईचाचे. घर बंद ठेवून जायचं असलं की ते शेजाऱ्यांनाही कळू देत नाहीत. उलट ओट्यावर धोतर वाळत घालून निघतात, घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून.

ऐकता ऐकता त्यांचा घास हातातच राहिला. "बेटा, घर बंद राही, हाई बी सांगं का तू त्याले?"

सांगितलं होतं. तारखांसकट. वर हेही विचारलं होतं की कपाटातलं सोनं घरी ठेवू की लॉकरमध्ये!

मी लगेच सगळं चॅट पुसून टाकलं. पण माझ्या मोबाइलमधून पुसलं म्हणजे सगळीकडूनच पुसलं गेलं का? कुणाला विचारू? पुन्हा त्यालाच?

नाना आता म्हणतात, "तुम्ही जा. मी घर सांभाळसू."

अहो, समुद्र बघायचा होता तो त्यांनाच. आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही.

त्यांची समजूत कशी काढू, सांगा ना. फक्त आम्ही कधी निघणार, ते इथे विचारू नका.