स्वल्प

चामराजपेटेतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. सगळे त्याला अण्णा म्हणत होते, मीही म्हणालो.

माझी इलेक्ट्रिक गाडी वळताना कुरकुरायची. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोनदा लॅपटॉप जोडला आणि काही दोष नाही म्हणून परत पाठवलं. आधीच नकोसा झालेला ऑफिसचा रस्ता त्या आवाजाने आणखी लांबला होता.

अण्णाने मला स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, आत हात घालून तळवा स्प्रिंगवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "स्वल्प."

पुण्याहून येऊन मला तीनच महिने झाले होते. हा शब्द मला शाळेतल्या स्वल्पविरामापुरताच ठाऊक, त्यामुळे मी थांबलो.

"स्वल्प!"

मी थांबूनच होतो. त्याने डोळे उघडले आणि मोडक्या हिंदीत समजावलं, "सार, कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं. थांबू नका, थोडं थोडं फिरवा."

मग मी थोडं थोडं फिरवत गेलो आणि एका जागी त्याचा तळवा थबकला. स्प्रिंगवरचं बेअरिंग कोरडं पडलं होतं. ते बदलून हात पुसताना तो म्हणाला, "पेट्रोलच्या गाडीतही हे कुरकुरतं, सार. तिथे इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही."

परतताना गाडी अगदी मुकाट चालली होती. ऑफिसच्या वळणावर मात्र कण्हल्यासारखा आवाज आला. मी दचकून कान दिला.

तो आवाज माझाच होता.