दुकानात नुसती बसणारी सून

निपाणीत कलगोंडा आप्पांचं खत-बियाणांचं दुकान हाय, आणि तिथं गल्ल्यावर बसती त्यांची सून अनुराधा. लगीन होऊन आली तवापासनं. चिक्कोडीकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नडात बोलती, कागलकडचं आलं की मराठीत, आणि भांडखोर आलं की नुसत्या डोळ्यांनी. सोयाबीनच्या हंगामात तर बाईला चहा घ्यायलाबी उठता येत न्हाय.

यंदा नव्या हॉस्पिटलात रिसेप्शनची जागा निघाली. तिच्या मनानं घेतलं, अर्ज करायचा. जन्मातला पहिला रेझ्युमे. नवऱ्यानं, अरिहंतनं, लॅपटॉप मांडीवर घेतला. टाईप करण्यात गडी हुशार, बायकोला वळखण्यात मातर जरा ढच. 'अनुभव' म्हणल्या जागी त्यानं घातलं, 'काही नाही'.

"काही नाही?"

"पगार कुठं घेतलायस गं? घरचंच की दुकान."

"मग इतकी वर्सं मी तिथं हवा खात होते व्हय रं?"

"माझ्यावर कशाला वरडतीस? आप्पांकडनं दाखला आण, घालतो."

आप्पा जेवत होते. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत उरकायची त्यांची घाई. "घरच्या लक्ष्मीला कसला गं दाखला? लोक हसतील."

लक्ष्मी म्हणल्यावर तर ती पेटलीच. वाढायची भाकरी ताटात अशी आदळली की आमटी आप्पांच्या सदऱ्यावर. तशीच आत गेली, लॅपटॉप वढून घेतला आणि स्वतःच टाईप केलं, 'दुकान सांभाळले, नऊ वर्षे'. चौकशीसाठी खाली नंबर घातला आप्पांचा.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या मॅडमचा फोन आला, दुकानातच. आप्पांना कमी ऐकू येतंय, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"अनुराधा तुमच्याकडे काम करतात ना?"

"काम कसलं ओ? बसती नुसती."

बिल करता करता अनुराधाचा हात थांबला.

"मग आम्ही घेतलं तर चालेल?"

"कसं चालंल? मालाची ऑर्डर कोण देणार? बिलं कोण करणार? कन्नडवाल्यांना कोण समजावणार? दोन माणसं ठेवाय लागतील की मला."

मॅडम हसल्या. "कळलं. सोमवारी मुलाखतीला पाठवा त्यांना."

आप्पांनी फोन ठेवला. अनुराधा काय हसली न्हाय. नऊ वर्सांचा राग असा एका फोनवर उतरतोय होय? तिनं गल्ल्याची किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ती दोघं ठेवाल तवा पगाराचं आधी ठरवा, आप्पा. न्हायतर तीबी नुसतीच बसतील."